रुळावरून बा, रस्त्यावरून मी

भादव्यातली एक उघडीप धरून मी परवा एकटीच गाडी घेऊन मूलहून निघाले आणि राजोलीच्या अलीकडे पाण्यापुढे अडकले. तिथलं जुनं फाटक बंद होऊन आता रुळाखालून रस्ता गेलाय. उन्हाळ्यात तो रस्ता असतो, पावसाळ्यात त्यात म्हशी डुंबतात. मागून आलेला ट्रॅक्टरवाला ओरडला, "मॅडम, नोका टाकू गाडी! इंजिनात पानी जाईन ना!" म्हटलं, बरं बाबा, नाही टाकत. मला तरी कुठे लगीनघाई होती.

नोकरीतून सुटल्यावर मी गाडी शिकले. शिकवणाऱ्या पोराचा जीव अर्धा झाला, पण शिकले. आता वर्षातून एकदोनदा अशी निघते. मूल, राजोली, सिंदेवाही, कधी नागभीडपर्यंत, मनात आलं तर घोडाझरीच्या तलावापर्यंत. स्टेशन दिसलं की थांबते, फाटक दिसलं की थांबते, तलावाच्या पाळीवर उगाच बसते. भाची म्हणते, "मावशी, एवढं पेट्रोल जाळून तू पाहतेस तरी काय?" म्हटलं, रूळ पाहते. तर म्हणाली, "मग घराजवळचे पाह्य ना, ते काय वेगळे आहेत?" कार्टी बोलण्यात माझ्यावरच गेलीय.

गाडी कडेला लावून मी चढ चढून रुळापाशी गेले. रूळ आता रुंद झालेत, खाली सिमेंटचे स्लीपर, वर विजेच्या तारा. स्लीपरला वास नाही, हे मला दर वेळी खटकतं. आमच्या वेळी इथे छोटी लाईन होती. लाकडाचे स्लीपर, डांबर पाजलेले. ऊन तापलं की त्यांचा कडवट वास सुटायचा आणि नाकात बसून राहायचा. त्यात इंजिनाचा कोळशाचा धूर. उन्हाळा लागता लागता मोहफुलांचा गोड, जरासा आंबूस वास. पावसाळ्यात तरोट्याच्या झुडपांचा उग्र वास, आश्विनात पिकत आलेल्या धानाचा. डोळे बांधून कुणी मला तिथे उभं केलं असतं तरी महिना कोणता ते मी बिनचूक सांगितलं असतं. परवा तिथे वास होता तो फक्त ट्रॅक्टरच्या डिझेलचा.

माझा बा त्या छोट्या लाईनवर गँगमन होता. आमचं लहानपण रुळालगतच्या क्वार्टरात गेलं. एक खोली, एक पडवी, मागे कारल्याचा मांडव. गाडी आली की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि आई हातातलं काम न थांबवता दुसऱ्या हातानं मांडणी धरायची. गाडी तरी कसली, चढावर दमायची. माणसं उतरून पिकली टेंभरं तोडायची आणि चालत्या गाडीत परत चढायची. आम्हा पोरांना ते सगळं इतकं रोजचं होतं, की मोठी गाडी पहिल्यांदा बल्लारशाला पाहिली तेव्हा मी भोकाड पसरलं. एवढी मोठी कशाला, म्हणून.

पावसाळा लागला की बाला गस्त लागायची. गस्त म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रुळाचा एकेक तुकडा एकेका माणसाचा. त्यानं हातबत्ती घेऊन तो पायी तपासत जायचं. माती खचली का, झाड आडवं पडलं का, पुलाखाली पाणी किती चढलं. आपला तुकडा संपतो तिथे पलीकडून शेजारच्या तुकड्यातला माणूस येतो. दोघांजवळ पितळेचा एकेक बिल्ला, नंबर कोरलेला. बिल्ल्यांची अदलाबदल करायची, 'लाईन साफ' म्हणायचं आणि आपापल्या वाटेनं परत फिरायचं. दुसऱ्याचा बिल्ला खिशात असला म्हणजे माणूस शेवटपर्यंत गेला होता हे साहेबाला कळतं. बा त्याला 'बदली भेटली' म्हणायचा. आणि बदली भेटलीच नाही तर? तर परत फिरायचं नाही. त्या माणसाला साप डसला असेल, पूल वाहून गेला असेल, वाघरू आडवं आलं असेल. म्हणून पुढे जायचं, तो भेटेपर्यंत जात राहायचं.

सकाळी बा परत यायचा तो पाण्यानं जड झालेली घोंगडी घेऊन. ओल्या लोकरीचा, घासलेटचा आणि विडीचा मिळून एक वास दारातून आत यायचा. आई चुलीपुढे जागा करून द्यायची. बा बोटं शेकत बसायचा आणि खिशातला बिल्ला माझ्या हातात द्यायचा. "वाच व, कितवा हाये?" मी अंक शाळेत नाही शिकले, बिल्ल्यांवर शिकले. चुकले की तो हसायचा. बरोबर आलं तरी हसायचा. मग भाताची पेज, वर जवसाची चटणी. बाहेर बेडकांचा गोंगाट आणि पत्र्यावर पाऊस. त्या पेजेची चव मी नंतर कितीदा तरी आणायला गेले. नाही येत. तांदूळ बदलला असेल, नाहीतर मी.

बा रिटायर झाला तेव्हा आम्ही मूलला दोन खोल्या बांधल्या. मी तिथल्याच शाळेत मास्तरीण झाले होते. लग्न केलं नव्हतं, त्यावरून आईचं रोजचं एक पालुपद होतं. बा मात्र कधी काही बोलला नाही. आणि मग ऐंशी सालाच्या पुढच्या त्या वर्षांत बा थोडा थोडा हरवायला लागला. आधी चष्मा, मग चपला, मग गल्ली. एके दिवशी त्यानं आईलाच विचारलं, "तुमी कोन्या गावच्या, बाई?" आईला वाटलं थट्टा करतोय. ती म्हणाली, "तुमच्याच, जी." दोघं हसले. मग तिच्या लक्षात आलं की हसताना तो तिच्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं पाहतोय. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली.

चंद्रपूरला नेलं, नागपूरला नेलं. गोळ्या झाल्या. विहारातल्या आयाबाया सांगतील ते काढे झाले. एका डॉक्टरनं सरळच सांगितलं, "बाई, हे खालावतच जाणार." त्याचा मला इतका राग आला की मी त्याच्या दारातून बाहेर पडताना दार आपटलं. दारानं काय घोडं मारलं होतं! पण माणसाला राग काढायला काहीतरी लागतंच.

तर असाच भादवा होता. विहारात वर्षावासाचं वाचन चालू होतं, आई तिकडे गेलेली. मी मागच्या अंगणात कपडे काढत होते. आत आले तर बा नाही, खुंटीवरची घोंगडी नाही. आईच्या पानाच्या डब्याचं पितळी झाकणही नव्हतं, पण ते तेव्हा कुणाला सुचणार? कोणाची नजर कशी चुकली ते मी आता उगाळत नाही. आळीतली माणसं कंदील घेऊन बाजारात, तलावावर, स्टेशनवर सगळीकडे हिंडली. ती रात्र कशी गेली ते माझं मला ठाऊक. उजाडता उजाडता मी माझी मोपेड काढली.

ती मोपेड हाही एक तमाशाच होता. जिल्हा परिषदेची मास्तरीण फटफटीवर बसते म्हणून सुरुवातीला पोरं मागे धावायची. चढ आला की पायडल मारावं लागायचं. आई म्हणाली, "एकटी कुठी जातेस? कोन्या मानसाले घेऊन जा." मी म्हटलं, "माणसं रात्रभर हिंडून आली ना? आता मी जाते." आणि रुळाच्या कडेकडेनं जाणारा राजोलीचा रस्ता धरला, कारण बाची सगळी उमर त्या बाजूच्या लाईनवर गेली होती.

खरं सांगू? इतकी देखणी सकाळ मी त्याआधी पाहिली नव्हती. सागाला पांढुरका फुलोरा आला होता. बांधावर कुरडूचे गुलाबी तुरे. धान पोटरीत आलेलं, त्यावर धुकं, आणि प्रत्येक गवताच्या पात्यावर कोळ्याचं जाळं दवानं भरलेलं. तलावात कमळं उघडत होती. माझा बाप कुठल्या खड्ड्यात पडलाय ते माहीत नाही आणि हे सगळं असं नटूनथटून बसलेलं. मला त्या कमळांचासुद्धा संताप आला. वाटलं, जरा तरी काळोख करा की रे!

तलावाजवळच्या फाटकापाशी एक बाई जाळं सोडवत बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "म्हातारा पाह्यला ना. रातच्याले माह्या मालकाले दिसला, रुळावरून जाऊन राह्यला होता. आवाज देल्ला तं हात वर केला त्यानं. आमाले वाटलं रेल्वेचाच हाये." राजोली स्टेशनवर कुणी पाहिलं नव्हतं. मग त्याच्या पुढचं, जंगलातलं मोहाचं फाटक. तिथे फाटकवाल्याची बायको चहा मांडत होती. तिनं सांगितलं, "पहाटे गेला ना वो एक बाबा. आमच्या यायनं म्हटलं, या, चहा घ्या. तं म्हने, नाई, बदली भेटली नाई अजून, पुढं जाऊन पाह्यतो."

बा गस्तीवर गेला होता. त्याच्या मनातला तुकडा केव्हाच संपला होता, समोरून कोणी आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. बिल्ला घेऊन पलीकडून येणारी त्याच्या वेळची माणसं आता कुठली असायला? पुढे सिंदेवाही, पुढे नागभीड, पुढे ब्रह्मपुरी, वडसा. लाईन संपत नाही आणि बा परत फिरणार नाही. पडेपर्यंत तो चालणार होता, इतकं साधं होतं ते.

मोपेड फाटकावर टाकून मी रुळावरून पळत सुटले. एका वळणापुढे तो दिसला. खांद्यावर घोंगडी, एक पाय ओढत, पण नजर रुळावर, डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा. मी ओरडले, "बा!" तो थांबला, वळला आणि म्हणाला, "बाई, बाजूले हो व. पॅसिंजरचा टाइम हाये."

मी त्याचा हात धरला, त्यानं सोडवून घेतला. मी घरी चल म्हटलं. त्यानं विचारलं, कोन्या घरी? मी आईचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, रडले, आणि मग माझा तापटपणा उफाळला. मी त्याच्यावर ओरडले. माझ्या बापावर, रुळावर उभी राहून, जंगलात. तो घाबरला नाही, रागावलाही नाही. शांतपणे म्हणाला, "भांडू नोको, बाई. ड्युटीवर हाये मी."

मग मी म्हटलं, "मीच आहे बदली. मला पाठवलंय. द्या बिल्ला, फिरा मागे." त्यावर तो असा काही हसला! "बाया कधीपासून गस्तीवर आल्या व?" मी हातातलं घड्याळ काढून दिलं, मोपेडची किल्ली दिली. त्यानं दोन्ही नीट पाहून परत दिलं. "हे नाई चालत. बिल्ला पायजे, नंबर पायजे." घराचं, गावाचं, लेकीचं नाव गेलं होतं, पण गस्तीचे नियम एकूणएक शाबूत होते. ते नियम मलाही तोंडपाठ होते आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. तो पुढे निघाला आणि मी मागून चालत राहिले, दुसरं काय करणार होते मी?

तेवढ्यात पुढून ठण ठण आवाज आला. सिंदेवाहीकडून रेल्वेचा एक गडी रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत येत होता. रोज सकाळी असा एक जण हातोडा घेऊन फिरायचाच. दंडावर त्याचा नंबराचा पितळी बिल्ला चमकत होता. मी बाला मागे टाकून त्याच्याकडे धावले आणि एका दमात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कामावरचा बिल्ला हाये. हारपला तं माह्यावर बेतन." मी हात जोडले. म्हटलं, "भाऊ, आज संध्याकाळी मूलला येऊन घेऊन जा. त्यांच्या उशाशी बसून राखते मी तो." त्यानं बाकडे पाहिलं. त्याची ती ओढलेली चाल पाहिली. मग दंडावरचा पट्टा सोडायला लागला.

दोघं समोरासमोर उभे राहिले. बानं कोपरीच्या खिशातून आईच्या पानाच्या डब्याचं झाकण काढलं आणि दिलं. त्या माणसानं ते बिल्ल्यासारखंच उलटून पाहिलं, कपाळाला लावलं. आपला बिल्ला बाच्या हातावर ठेवला.

"लाईन साफ?" बानं विचारलं.

"साफ हाये, भाऊ. पुलाखालचं पानी उतरलं."

"लय उशीर केला गा तू."

"झाला, भाऊ. पाय मुरगळला होता."

बानं बिल्ल्यावरच्या नंबरावरून बोट फिरवलं, खिशात ठेवला आणि परत फिरला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं हायसं दिसलं की मी तोंडात पदर कोंबला.

मला वाटलं, सुटलो. आता फाटकापर्यंत चालेल, मग मोपेडवर मागे बसवीन. कसचं काय! मी बरोबर चालायला लागले तर तो थांबला. "गस्तीवर बाईमानूस संगं नाई चालत. सायबानं पाह्यलं तं?" आणि मी जाईपर्यंत हलेना. रुळावर बसकणच मारली त्यानं. तो गडी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमी रस्त्यानं जा. रस्ता रुळाले भेटतेच ना ठिकठिकानी. हे बरोबर जातीन. यायले लाईन ठाऊक हाये."

म्हणून मग मी पुढे पळत जाऊन फाटकावरची मोपेड गाठली आणि आम्ही तसे परत आलो. रुळावरून बा, रस्त्यावरून मी. फाटक आलं की मी मोपेड लावून उभी राहायची. बा दिसेपर्यंत जीव नुसता टांगणीला. आधी काहीच नाही, फक्त रूळ. मग दूर एक काळा ठिपका. मग घोंगडी. मग तो.

मोहाच्या फाटकावर त्यानं चहा घेतला. "कोन्या गावची व बाई तू?"

"मूलची."

"मूलले माही पोरगी हाये," तो म्हणाला. "मास्तरीन हाये." मास्तरीण म्हणताना त्याची मान ताठ झाली. फाटकवाल्याची बायको तोंड फिरवून चूल फुंकायला लागली.

राजोली स्टेशनवर मी भजी आणि पाणी घेऊन उभी होते. तिथे मी त्याला पुन्हा नवी. कोन्या गावची, मूलची, हे सगळं परत झालं. मग तो आपणहून बोलायला लागला. "पोरगी लय तापट हाये माही. शाळेतले मास्तर बी भेतेत तिले." त्यानं भज्याचा तुकडा तोडला. "पन मले कधी मोठ्यानं बोलत नाई हो." सकाळी मी त्याच्यावर ओरडले होते त्याला दोन तास झाले नव्हते. मी म्हटलं, "भाऊ, अजून एक भजं घ्या." बापाला भाऊ म्हटलं मी. दुसरं काही त्याला चाललं नसतं.

राजोली सोडल्यावर रस्ता रुळापासून लांब जातो आणि धानाच्या बांध्यांपलीकडून नुसती लाईन दिसते. तिथे नाल्यावर लहानसा पूल आहे, कठडे नाहीत. मी रस्त्यावरून पाहिलं, बा पुलाच्या मध्यावर होता आणि मागून शिट्टी ऐकू आली. पॅसेंजर. माझ्या आणि त्याच्यामध्ये गुडघाभर चिखल. मी मोपेड तशीच पाडली आणि बांध्यात उतरले. पाय रुततात, निघत नाहीत. ओरडले तर आवाज त्याच्यापर्यंत जाईना. धूर झाडांवरून पुढे पुढे सरकत होता. मी तिथे धानात उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यात इतकं लाचार मला दुसऱ्या कशानं केलं नाही, त्या डॉक्टरच्या बोलण्यानंही नाही.

डोळे उघडले तर बा पूल ओलांडून खाली उतरला होता आणि बाजूला सरळ उभा होता. इंजिन जवळ आलं तसा त्यानं हात वर केला, सगळं ठीक असल्याचा इशारा. ड्रायव्हरनं आखूड शिट्टी दिली. डबे हलत डुलत गेले, खिडकीतून कुणीतरी पोर त्याला हात दाखवत होतं. बा शेवटचा डबा जाईपर्यंत तसाच उभा होता. मग पुन्हा रुळावर चढला.

तलावाजवळच्या फाटकावर मी बराच वेळ थांबले. तोवर ऊन कललं होतं. पाण्यावर बगळे, पलीकडच्या टेकडीवर ढगाची सावली, जाळंवाल्या बाईनं वाळत टाकलेल्या मासोळ्यांचा वास. ती माझ्याशेजारी येऊन बसली. शिंगाडे सोलून एकेक माझ्या हातात देत राहिली. सकाळचा संताप गेला होता. एवढंच वाटत होतं की हा रस्ता असाच लांबत जावा, मी फाटकाफाटकावर थांबावं आणि तो दर वेळी येताना दिसावा. घरी पोचल्यावर काय होणार ते मला त्या डॉक्टरनं सांगून ठेवलंच होतं.

बा त्यानंतर दीडेक वर्ष होता. पुन्हा रुळावर गेला नाही. बिल्ला घ्यायला तो गडी त्याच संध्याकाळी आला. झाकण आईनं त्यालाच ठेवून घ्यायला लावलं. छोटी लाईन पुढे उखडली, मोठी आली. परवा मी तिथे उभी असताना एक मालगाडी गेली, इतके डबे की मोजता मोजता कंटाळा आला. तिच्या वाऱ्यानं माझा पदर उडाला आणि खाली ट्रॅक्टरवाला अजून ओरडतच होता, "मॅडम, इकडून वापस जा, दुसरा रस्ता हाये!" त्याला हात दाखवून मी म्हटलं, जाते रे, जाते.

पण त्या दिवसाचं शेवटचं राहिलं. दिवस मावळायच्या आत बा मूलच्या स्टेशनवर रुळावरून खाली उतरला. तिथून पुढे त्यानं मला बरोबर चालू दिलं, ड्युटी संपली होती ना. मी मोपेड ढकलत, तो एक पाय ओढत. आळीतली माणसं दारादारांत उभी. आई अंगणात होती. बा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि पहिलं हेच विचारलं, "पोरगी आली का घरी?"

"आली, जी," आई म्हणाली. "हे काय, तुमच्या बाजूलेच उभी हाये."

बानं माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. चेहऱ्यावर, चिखलानं भरलेल्या पायांवर, मोपेडवर त्याची नजर फिरली. मग त्यानं आईला जरा बाजूला घेतलं, आणि मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात, पण मला सगळं ऐकू आलं, तो म्हणाला, "या बाईले कोनाच्या तरी संगं तिच्या घरी पोचवून दे. एकटीच हिंडून राह्यली बिचारी दिवसभर. तिचा बाप वाट पाह्यत असन."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. घोंगडी त्याच्या खांद्यावरून काढून घेत ती म्हणाली, "हो, जी. देते पोचवून."